ठशाचे कौतुक आणि हाताची उपेक्षा

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला आणि स्वदेशीच्या चळवळीला तोंड फुटले. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मंत्र्यांच्या गळ्यात हातमागाची उपरणी पडतात, निवडक कारागिरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि देशाच्या थोर वारशावर भाषणे होतात. परंतु २०२० साली या दिवसाच्या थोडेच आधी केंद्र सरकारने अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि अखिल भारतीय हातमाग मंडळ ही दोन्ही मंडळे बरखास्त केली. ही मंडळे सल्लागार स्वरूपाची होती आणि त्यांच्या हाती फारशी सत्ता नव्हती, हे खरे. तथापि कारागिरांच्या प्रतिनिधीला सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून आपले गाऱ्हाणे मांडण्याची ती एक हक्काची जागा होती. टाळेबंदीने बाजार बंद, तयार माल घरात पडून आणि देणेकरी दारात, अशा वेळी ती जागाही काढून घेण्यात आली. त्यानंतर काही दिवसांनी उजाडलेल्या ७ ऑगस्टला शुभसंदेश मात्र नेमाने प्रसिद्ध झाले.

कौतुक आणि उपेक्षा अशी हातात हात घालून चालतात, याचे हे ठळक उदाहरण. हा दोष एका सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण तो अधिक खोलवर मुरलेला आहे. शहरातील प्रदर्शनात हातछपाईची चादर पाहून मध्यमवर्गीय ग्राहक हरखून जातो, तिच्यावरून हात फिरवितो, रंगांची वाखाणणी करतो आणि लगेच शंभर रुपये कमी करण्यासाठी घासाघीस सुरू करतो. हाच ग्राहक वातानुकूलित दुकानातील छापील किंमत निमूटपणे मोजतो. हस्तकलेविषयीच्या आपल्या आदराचे खरे स्वरूप येथे उघडे पडते. म्हणून हस्तकलेची कदर करणे म्हणजे नेमके कशाची कदर करणे, वस्तूची की ती घडविणाऱ्या माणसाची, हा प्रश्न समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने स्वतःला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तत्त्वचर्चेतून मिळणार नाही. एखादे कापड हातात घेऊन, ते कसे तयार झाले हे पाहूनच ते शोधावे लागेल. कच्छमधील अजरख या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गडद निळ्या आणि मातकट लाल रंगांत, पांढऱ्या-काळ्या रेघांनी बांधलेली ही भूमितीची नक्षी आज शहरांत अनेकांच्या परिचयाची झाली आहे. ती करणारे खत्री कारागीर सोळाव्या शतकात कच्छच्या रावांच्या निमंत्रणावरून सिंधमधून आले आणि धमडका येथे नदीकाठी वसले, असे ते सांगतात. धंदा रंगाचा असल्यामुळे वाहत्या पाण्यावाचून त्यांचे चालण्यासारखे नव्हते.

अजरख हे कापडावर रंग थापण्याचे काम नव्हे. कोरे कापड प्रथम धुऊन त्यातील खळ काढतात. मग एरंडेल तेल, सोडा आणि उंटाची लीद यांच्या मिश्रणात ते भिजवून, उन्हात वाळवून, पुन्हा भिजवून मऊ केले जाते. त्यानंतर ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्याने कापडावर फिकट पिवळसर झाक येते आणि पुढचे रंग धरून ठेवण्याची शक्ती त्याच्या अंगी येते. मग ठशाचे काम सुरू होते. पहिला ठसा चुना आणि डिंक यांचा. जेथे पांढरी रेघ राखायची तेथे तो उठवितात. दुसरा ठसा लोहाचा. मोडके लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून, त्यात चिंचोक्याचे पीठ शिजवून खळ करतात आणि हिरड्याने माखलेल्या कापडावर ती पडताच काळा रंग उमटतो. तिसरा ठसा तुरटीचा, लाल रंगासाठी. यातील गंमत अशी की छापतेवेळी तेथे लाल रंग नसतोच. तुरटीची जागा डोळ्यांना जेमतेम दिसते. पुढे कापड मंजिष्ठेच्या काढ्यात उकळले जाते, तेव्हा जेथे तुरटी बसली तेथेच लाल रंग धरतो. मधल्या अवस्थेत माती व डिंक यांच्या लेपाने काही भाग झाकून कापड निळीच्या कुंडात बुडवितात. कुंडातून बाहेर येताना ते हिरवट दिसते आणि हवा लागताच निळे होते. धुणे, वाळविणे, पुन्हा छापणे, पुन्हा बुडविणे असे करता करता चौदा ते सोळा टप्पे पार पडतात. उत्तम प्रतीच्या अजरखात तर हीच नक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंनी, रेघेवर रेघ आणून छापली जाते.

थोडा विचार केला तर ध्यानात येईल की हे केवळ हाताचे कसब नाही. धातूचे क्षार, वनस्पतींतील द्रव्ये, पाण्याचा गुण, उन्हाची तीव्रता, आंबण्याची वेळ या सर्वांचे ज्ञान येथे एकवटले आहे. जो कारागीर दिसत नसलेला रंग छापतो आणि तो कोठे, किती गडद उमटेल हे आधी जाणतो, त्याला आपल्याकडे अडाणी म्हणण्याची रीत आहे. पुस्तकी विद्येला ज्ञान म्हणावयाचे आणि हाताच्या विद्येला केवळ ‘परंपरा’ म्हणावयाचे, हा भेद आपल्या जातिव्यवस्थेने घालून दिला आहे. ज्याचे हात रंगाने, मातीने, चामड्याने माखतात तो खालचा, ही शिकवण हजारो वर्षे मुरली. कारागिराला योग्य मोल न मिळण्याचे मूळ बाजाराइतकेच या शिकवणीतही आहे.

महाराष्ट्राने या धंद्याकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. येथेही भावसार आणि रंगारी यांचा परंपरागत व्यवसाय कापड रंगविण्याचा व छापण्याचा होता. राजस्थानात बगरू येथील हिंदू छीपे संत नामदेवांचे नाव अभिमानाने आपल्या जातीला लावतात. पंढरपूरचा शिंपी उत्तरेत गेला तो तेथील छपाई कारागिरांचा आराध्य झाला. ज्या हिरड्यावाचून कापडावर पक्का रंग बसत नाही तो हिरडा जुन्नर, आंबेगावच्या डोंगरांतील आदिवासी गोळा करतात आणि त्याला रास्त भाव मिळावा म्हणून त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागते. तयार वस्तूची वाहवा करताना तिच्यामागे ठसा कोरणारा सुतार, हिरडा वेचणारी आदिवासी स्त्री, कापड धुणारा मजूर अशी किती माणसे उभी असतात, याची जाणीव फारच थोड्यांना असते. गांधीनगरजवळच्या पेथापूर गावात सागवानाचे ठसे कोरणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांच्या ठशांनी छापलेले सौदागिरी कापड एके काळी जहाजे भरभरून सयामला जात असे. ते कापड संग्रहालयांत जपले गेले. ठसे कोरणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

इतिहासाकडे वळले तर हा अन्याय योगायोगाने झालेला नाही हे दिसते. कैरोजवळच्या फुस्तात येथील उकिरड्यांत छापील सुती कापडाचे जे तुकडे सापडले, त्यांतील कित्येक पश्चिम भारतातून गेलेले मध्ययुगीन कापड आहे. हजार वर्षांपूर्वीही येथील रंगाऱ्याचा माल समुद्रापार सामान्य माणसाच्या अंगावर होता. सतराव्या शतकात हिंदी छींट युरोपात पोहोचली, तेव्हा तिच्या धुतल्यानंतरही न विटणाऱ्या रंगांनी तेथील बाजार काबीज केला. त्याला तेथील राज्यकर्त्यांनी दिलेले उत्तर खुल्या स्पर्धेचे नव्हते. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० मध्ये छापील कापडाची आयात रोखली आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी आणली. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणाऱ्यांनी आपले उद्योग आधी कायद्याच्या भिंतीआड वाढविले. मग १७८३ मध्ये टॉमस बेल याने रुळावरील छपाईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि माणूस दिवसभर ठशाने जेवढे छापील त्याच्या कितीतरी पट कापड यंत्रातून काही वेळात बाहेर पडू लागले. १८६९ मध्ये मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली. १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातील नीळ बाजारात आली. त्या यंत्राचा आणि त्या रंगांचा माल वसाहतीच्या राजवटीने हिंदुस्थानच्या गावागावांत ओतला. इंग्रजी मालापुढे येथील विणकर जातींची कशी वाताहत झाली याकडे महात्मा फुले यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा विचार करतानाच लक्ष वेधले होते.

तथापि जुने ते सर्व सोन्याचे होते असे मानण्याची चूक करता कामा नये. नैसर्गिक निळीचे आज शहरांत भारी कौतुक आहे. पण त्याच निळीसाठी बंगालच्या रयतेवर मळेवाल्यांनी एवढे जुलूम केले की १८५९ मध्ये तिने बंड पुकारले. चंपारणात १९१७ मध्ये गांधीजींना ज्या तीनकठिया पद्धतीविरुद्ध उभे राहावे लागले तीही निळीचीच. वस्तू नैसर्गिक आहे किंवा हाताने केलेली आहे, एवढ्याने ती न्यायाची ठरत नाही. रंग झाडाचा असो की कारखान्याचा, तो कोणत्या संबंधांतून निर्माण झाला, हा प्रश्न उरतोच. हस्तकलेच्या भाबड्या भक्तांची आणि समाजवाद्यांची वाट येथे वेगळी होते.

ही वाट नवी नाही. इंग्लंडमधील विल्यम मॉरिस हा छापील कापडाचा एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ कलावंत. लीक येथील रंगशाळेत त्याने स्वतः निळीच्या कुंडात हात घालून जुनी विद्या शिकून घेतली आणि १८८१ मध्ये मर्टन ॲबी येथे कारखाना काढून ठशांची छपाई सुरू केली. त्याच काळात, १८८३ मध्ये, तो समाजवादी चळवळीत उतरला आणि पुढील वर्षाच्या अखेरीस सोशॅलिस्ट लीगच्या संस्थापकांत सामील झाला. कामात आनंद असला पाहिजे, तो आनंद मजुराकडून हिरावून घेणारी व्यवस्था बदलली पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. पण त्याचे हाताने छापलेले पडदे विकत घेण्याची ऐपत श्रीमंतांपाशीच होती, हे शल्य त्याला आयुष्यभर सलत राहिले. केवळ चांगली वस्तू करून समाज बदलत नाही, हे ओळखूनच तो रस्त्यावरच्या सभांकडे वळला.

आपल्या देशात हा धागा कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी उचलला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आणि १९३६ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या मीरत अधिवेशनाच्या अध्यक्ष झालेल्या कमलादेवींनी स्वातंत्र्यानंतर सत्तेची पदे बाजूला ठेवून सहकाराचे आणि कारागिरांचे काम अंगावर घेतले. १९४८ मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन उभी राहिली ती फाळणीच्या निर्वासितांना स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा त्यांनी वाहिली. हस्तकला ही दिवाणखान्याची शोभा नसून कोट्यवधी लोकांची उपजीविका आहे, आणि म्हणून ती सहकारी संघटना, कच्चा माल, कर्ज व विक्री या चार पायांवर उभी केली पाहिजे, ही त्यांच्या कामाची दिशा होती. २०२० मध्ये जे मंडळ एका परिपत्रकासरशी मिटविले गेले, त्याच्या मागे हा वारसा होता. म्हणून त्या घटनेकडे कारकुनी फेरफार म्हणून पाहता येत नाही.

आता पुन्हा अजरखकडे. हे कापड मुळात कोणाचे? कच्छच्या बन्नी भागात गुरे राखणाऱ्या मालधाऱ्यांचे. त्यांचा फेटा अजरखचा, लुंगी अजरखची, खांद्यावरची चादर अजरखची. त्याच चादरीत शिदोरी बांधायची, तिच्यावरच निजायचे आणि फाटली की तिचीच झोळी करायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचे स्वस्त कृत्रिम धाग्यांचे कापड खेड्यांत आले आणि हा ग्राहक तुटला. रासायनिक रंगांच्या रेट्यात जुनी रीत मोडीत निघत असताना १९७० च्या दशकात धमडक्याच्या मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी वनस्पतिरंगांची विद्या पुन्हा उभी केली आणि आपल्या मुलांना शिकविली. त्यांतील इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका जमीनदोस्त केले. पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि लोहामुळे लाल रंग काळवंडू लागला. तेव्हा कारागिरांनी भुजजवळ जमीन घेऊन अजरखपूर नावाचे नवे गाव वसविले. संकटातून अशी वाट काढणाऱ्या समाजाला दयेची गरज नसते. त्याला न्यायाची गरज असते. मुसलमान कारागिराने छापलेले, हिंदू व्यापाऱ्याने विकलेले आणि सर्व धर्मांच्या स्त्री-पुरुषांनी अंगावर घेतलेले हे कापड आजच्या दुहीच्या वातावरणात काय सांगते, तेही ध्यानी घेण्यासारखे आहे.

परंतु या पुनरुज्जीवनाला दुसरी बाजू आहे. जो मालधारी हे कापड रोज वापरीत असे, त्याला आज वनस्पतिरंगाचे खरे अजरख परवडत नाही. ते महानगरांतील दालनांत आणि परदेशी बाजारांत जाते. आणि त्या दालनांबाहेरच्या बाजारात तीच नक्षी यंत्राने छापून, कित्येकदा ‘हातछपाई’ म्हणूनच, दशांश किमतीला विकली जाते. कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. राजस्थानच्या सांगानेरी आणि बगरूच्या छपाईला ती त्याआधीच मिळाली होती. पण नोंद मिळणे वेगळे आणि ती राखणे वेगळे. नक्कल करणाऱ्यावर खटला भरावयाचा तर त्याचा भार मुख्यतः कारागिरांच्या संस्थेवरच पडतो. ज्याला रंगाचे पाणी विकत घेताना जड जाते त्याने वकिलांची फी कोठून भरावी? १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याचाही असाच अनुभव आहे. त्यात आरंभी २२ प्रकारची वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवलेली होती. गिरणी व यंत्रमाग मालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये कायदा वैध ठरविला. पण नंतर ही यादीच ११ वर आणली गेली आणि उरलेल्या अकरांचीही नक्कल राजरोस चालते. छपाईला तर त्या कायद्याचे तेवढेही छत्र नाही.

याचे फळ आकड्यांत दिसते. हातमाग गणनेनुसार विणकर व त्यांचे साहाय्यक कामगार १९९५-९६ मध्ये सुमारे ६५ लाख होते. २००९-१० मध्ये ४३ लाख उरले. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५ लाख. या शेवटच्या गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी असल्याचे आढळले. कामगारांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. कांड्या भरणे, ताणा तयार करणे, कापड धुणे-वाळविणे ही त्यांची कामे घरकामाच्या खात्यावर जमा होतात आणि पुरस्कार बहुधा घरातील पुरुषाच्या नावे निघतो. अशा स्थितीत २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तो हातमागाच्या कापडालाही लागू झाला. त्याविरुद्ध कर्नाटकात नाट्यदिग्दर्शक प्रसन्न यांनी उपोषण केले आणि हाताने केलेल्या वस्तूंवर कर नको, अशी मागणी केली. ती मागणी दयेची नव्हती. जो उद्योग वीज जाळीत नाही, अल्प भांडवलात अधिक हातांना काम देतो आणि खेड्यातील माणसाला खेड्यातच रोजी देतो, त्याला अजस्र कारखान्याच्या मापाने मोजू नये, एवढेच तिचे म्हणणे होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो पक्षातील कार्यकर्त्यांच्याही मनात असतो. यंत्राने गरिबाला स्वस्त कापड दिले. मग समाजवाद्यांनी श्रीमंतांच्या हौसेच्या वस्तूंसाठी का झुरावे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. अंगभर कापड प्रत्येकाला मिळाले पाहिजे, आणि ते यंत्राने दिले असेल तर यंत्राचे ऋण मान्य केले पाहिजे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागावर बारा-बारा तास राबणारा मजूर हा हातमाग विणकराचा शत्रू नाही. बऱ्याच ठिकाणी तो विणकराचाच मुलगा आहे, आणि त्याचीही पिळवणूकच होते. सांगानेरमध्ये ठसा सोडून जाळीच्या चौकटीवर रंग ओढणारा मजूरही त्याच रांगेतला. त्या रंगाचे सांडपाणी नाल्यात सोडले जाते तेव्हा ते विष प्रथम त्याच्याच वस्तीत शिरते. भांडण हात आणि यंत्र यांच्यात लावून देणाऱ्यांचा हेतू खरे भांडण झाकण्याचा असतो. ते भांडण श्रम करणारा आणि श्रमाचे फळ वाटेत अडविणारा यांच्यातील आहे. यंत्राचे कापड यंत्राचे म्हणून विकले जावे, हाताचे हाताचे म्हणून. आणि दोन्हीकडच्या मजुराला जगण्यापुरते नव्हे तर माणसासारखे जगण्याइतके वेतन मिळावे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला त्याचा रोखही हाच होता की यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे, माणूस यंत्राच्या दावणीला बांधला जाऊ नये.

शिवाय हाताने केलेली वस्तू मुळातच श्रीमंतांची असते, हेही खरे नाही. ठशाचा गुणच असा की तो एकदा कोरला की त्यातून शेकडो प्रती निघतात. एका राजासाठी एकच चित्र रंगविण्याची ही कला नव्हे. बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणाऱ्या चित्तप्रसाद यांनी लाकूड व लिनोलियम कोरून कागदावर ठसे उठविले ते याच कारणासाठी. त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली, एवढी तिची धास्ती होती. पुढे मुंबईत अंधेरीच्या एका लहानशा खोलीत राहून त्यांनी बालमजुरांच्या जीवनावर ठसेचित्रांची मालिका केली. सोमनाथ होर यांनी १९४६ मध्ये उत्तर बंगालातील तेभागा चळवळीत शेतकऱ्यांमध्ये राहून जी रेखाटने केली, त्यांतूनही पुढे लाकडी ठसे घडले. मालधाऱ्याच्या खांद्यावरचे अजरख आणि चळवळीच्या भिंतीवरचे ठसेचित्र यांचे नाते येथे जुळते. दोन्ही हाताची, दोन्ही अनेकांसाठी. ती महाग होतात ती ठशामुळे नव्हे. मधल्या हातांमुळे, आणि ती ‘दुर्मीळ’ ठरविण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांच्यामुळे.

मग करावयाचे काय? पहिली मागणी सत्याची. ‘हातछपाई’ किंवा ‘हातमाग’ हा शब्द लावून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती कोणत्या रीतीने, कोणत्या गावी तयार झाली, हे लिहिण्याचे बंधन असले पाहिजे. आणि खोटे लिहिणाऱ्यावर कारवाई करण्याची जबाबदारी शासनाची असली पाहिजे, कारागिराची नव्हे. दुसरी मागणी मोलाची. नगावर काम करणाऱ्याची मजुरी ठरविताना कापड धुण्यापासून घडी घालण्यापर्यंतचा सर्व वेळ हिशेबात धरावा आणि घरातील स्त्रीचे नाव स्वतंत्र कारागीर म्हणून नोंदले जावे. तिसरी मागणी पाण्याची. रंगाच्या प्रत्येक वस्तीला स्वच्छ पाणी आणि सांडपाणी शुद्ध करणारी सामुदायिक व्यवस्था मिळाली पाहिजे; आज कारागिराला धंदा आणि नदी यांतून एकाची निवड करावी लागते. चौथी मागणी आवाजाची. बरखास्त मंडळांच्या जागी कारागिरांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे मंडळ हवे. त्यात बांगड्या बनविणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या, ठसे कोरणाऱ्या सर्वांना स्थान हवे. आणि पाचवी, शिक्षणाची. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले करण्याऐवजी गावच्या कारागिराला मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलावले तर हाताच्या विद्येला मान मिळेल आणि ती एका जातीच्या कुंपणात कोंडून राहणार नाही.

या मागण्या शासनापाशी मांडताना कार्यकर्त्यांनी स्वतःचे आचरणही तपासले पाहिजे. पक्षाच्या मेळाव्यातील तोरणे, सत्काराच्या शाली, प्रतिनिधींच्या पिशव्या कोठून येतात? स्वस्त मिळते म्हणून नकली माल घ्यावयाचा आणि व्यासपीठावरून कारागिरांचा कैवार घ्यावयाचा, हे शोभत नाही. वस्तू ओळखावयास शिकणे हेही राजकीय शिक्षणच आहे. हाताच्या छपाईत दोन ठशांच्या सांध्यावर किंचित कमीजास्त होते, एखादी रेघ जाड येते आणि पुढच्या हातभरात ती तशीच येत नाही. आता यंत्रे या चुकांचीही नक्कल करतात; पण त्यांची चूक ठरावीक अंतरावर तंतोतंत पुन्हा येते. ज्याला हे कळते तो फसत नाही, आणि दुसऱ्यालाही फसू देत नाही. खरेदीच्या वेळी कारागिराचे नाव व गाव विचारावे, रास्त किंमत एकदाच विचारून द्यावी, आणि शक्य तेथे कारागिरांच्या सहकारी संस्थेकडूनच माल घ्यावा. ज्यांची ऐपत नाही त्यांनी विकत घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. त्यांनी संघटनेच्या कामात हात द्यावा. कदर पैशानेच करता येते असे नाही.

शेवटी, या प्रश्नात पणाला लागले आहे ते काही सुंदर नमुन्यांचे भवितव्य नव्हे. नमुने संग्रहालयात राहतील. यंत्राने छापून बाजारातही राहतील. नाहीशी होईल ती दिसत नसलेल्या रंगाला ओळखणारी नजर, आंबलेल्या लोखंडाचा वास घेऊन वेळ सांगणारे नाक, चार बोटांच्या दाबाने ठसा नेमका टेकविणारा हात. आणि त्याच्याबरोबर नाहीसा होईल स्वतःच्या ज्ञानावर, स्वतःच्या गावात, कोणाची ताबेदारी न करता जगण्याचा लक्षावधी कुटुंबांचा मार्ग. त्या कुटुंबांतील मुलगा जेव्हा ठसा खाली ठेवून शहरातील गुदामावर हमालीला जातो, तेव्हा त्याला कोणी थांबवू नये. त्या ठशावर त्याचे पोट भरत नसेल तर वारशाचे ओझे त्याच्या पाठीवर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण त्याला पोटासाठी जावे लागू नये, अशी परिस्थिती निर्माण करण्याचे कर्तव्य मात्र समाजाचे आहे. पुढील ७ ऑगस्टला भाषणे पुन्हा होतील. त्या दिवशी ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील विणकर, रंगारी, छपाई कारागीर यांना हारतुरे देऊ नयेत; त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या मजुरीचा हिशेब लिहून घ्यावा. सत्कारापेक्षा तो हिशेब पुढच्या लढ्याला अधिक उपयोगी पडेल.